हो म्हणायच्या आधी

अप्पा, काल तुमचं तेराव्याचं जेवण झालं. पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, आणि आज सकाळपासून मी घरातली घड्याळं लावत फिरतेय. हॉलमधलं पुढे होतं, स्वयंपाकघरातलं मागे. दोन्ही लावली. मग गीझरचा थर्मोस्टॅट उघडून बघितला, काही झालेलं नव्हतं, परत बंद केला. मग फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून आले. निखिल म्हणाला, "सोनल, बस ना जरा एका जागी." तुमचाच मुलगा, त्याला दुःख झालं की तो झोपतो. मला दुःख झालं की मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरते. ही खोड मी माहेरून आणलेली नाही, सासऱ्यांनी लावलीय. बाकीच्या सुनांना सासरे काय काय देतात आणि तुम्ही मला हे दिलंत.

उद्या सोमवार. उद्या मला कंपनीत जाऊन उत्तर द्यायचंय, इन्स्ट्रुमेंट विभागाची, म्हणजे प्लँटमधल्या सगळ्या गेज-मीटरांची, इन-चार्ज व्हायला मी तयार आहे की नाही. तुम्ही म्हणाला होतात, घेऊ नकोस. का, तेही म्हणालात. मी चिडले, तुम्ही विषय तिथेच सोडलात, आणि दोन दिवसांत तुम्ही हॉस्पिटलात. अहो, वाद अर्धवट टाकून उठायची तुमची पद्धत नव्हती. पाण्याच्या टाकीच्या फ्लोटवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी तुम्ही गणपतीपासून दिवाळीपर्यंत भांडलात आणि तो 'तुमचंच बरोबर' म्हणाला तेव्हाच थांबलात. माझ्याच वेळेला बरी घाई झाली तुम्हाला.

मी वर्तकनगरच्या ह्या घरात आले तेव्हा मला इन्स्ट्रुमेंट म्हणजे बाजाची पेटी एवढंच माहीत होतं. कल्याणची मुलगी, फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, क्लासमध्ये दहावीच्या पोरांना शिकवणारी. तुम्ही कोलशेतच्या कंपनीतून नुकतेच रिटायर झाला होतात आणि दिवसभर घरात काय बिघडतंय याची वाट बघत बसायचात. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट ट्रेनी पाहिजे असं तुम्हाला कुठून तरी कळलं. "तू जा," म्हणालात. मी म्हटलं, "अप्पा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." तुम्ही म्हणालात, "कळत नाही हे कळतं ना? मग अर्धं काम झालं."

तेव्हापासून रविवारची दुपार आपली. आई जेवणाचं टेबल पुसून घ्यायची आणि तुम्ही लगेच त्यावर वर्तमानपत्र पसरायचात. हातपंप, एक जुनं प्रेशर गेज, मल्टिमीटर, कुठून तरी सोडवून आणलेला ट्रान्समीटर. आई म्हणायची, "जेवायच्या टेबलावर ते तेलकट आणू नका हो." तुम्ही "बरं" म्हणायचात आणि आणायचात.

पहिला धडा बर्फाचा. स्टीलच्या पातेल्यात बर्फ फोडून घातलात, वर पाणी, आणि ते डावाने कालवत राहिलात, जसं काही पन्हं करताय. "नुसता बर्फ चालत नाही. बर्फ आणि पाणी एकत्र नांदले की शून्य. ते कोणाच्या बापाला बदलता येत नाही." मग तो गोल डायलचा थर्मामीटर त्यात बुडवायला दिलात. तळाला लागू द्यायचा नाही, कडेला टेकू द्यायचा नाही. काटा थांबला तो शून्याच्या जरा वर. मला वाटलं, हुशारी दाखवावी. मागचा स्क्रू फिरवला आणि काटा बरोब्बर शून्यावर आणून ठेवला.

तुम्ही असे ओरडलात की आई आतून धावत आली.

"आधी किती होतं?"

"काय माहीत. थोडं वर होतं."

"गेलं!"

"काय गेलं?"

"पुरावा गेला. हा काटा आजपर्यंत किती खोटं बोलत होता ते आता ब्रह्मदेवाला पण कळणार नाही. त्याच्यावर विसंबून ज्यांनी माल काढला त्यांनी काय करायचं? तू त्याला सुधारलंस नाही, सोनल. तू त्याला पाठीशी घातलंस."

मी रडकुंडीला आले होते. थर्मामीटर तो केवढासा, आणि पाठीशी काय, खोटं काय! मग तुम्ही डोकं शांत करून नियम सांगितलात. हात लावायच्या आधी मोठ्यांदा बोलायचं. जे दिसतंय ते, जसं सापडलं तसं, चूक असेल तर चूक. कोणी ऐकत असो नसो. एकदा तोंडातून गेलं की माणसाला ते नाकारता येत नाही. सुधारायचं त्याच्या नंतर.

त्या दिवसापासून मी बोलते. प्लँटमध्ये गेजसमोर उभी राहून आकडा मोठ्यांदा बोलते, मगच पाना लावते. आमचा टेक्निशियन गणेश नवीन होता तेव्हा हसायचा, "मॅडमचा मंत्र सुरू झाला." आता तोही म्हणतो. घरात सुद्धा तेच. गॅस बारीक करायच्या आधी मी पुटपुटते, "उकळी आली." निखिलला वाटायचं मी त्याच्याशी बोलतेय.

आणि ते चार मिलिअँपिअर! किती डोकं खाल्लं होतं मी तुमचं. ट्रान्समीटर तारेवरून चारपासून वीसपर्यंत करंट पाठवतो, टाकी रिकामी असेल तर चार, भरली तर वीस. मी विचारलं, शून्यापासून का नाही सुरू करत? रिकामी म्हणजे शून्य, सरळ हिशेब. तुम्ही सरळ तार उपटलीत. मीटरवर शून्य. "आता सांग, टाकी रिकामी आहे की तार तुटलीय?" मला सांगता येईना. "म्हणून रिकाम्याला चार. चार म्हणजे मी इथे आहे, पण सांगण्यासारखं काही नाही. शून्य म्हणजे पलीकडे कोणी नाही. काही नाही आणि कोणी नाही ह्यातला फरक कळला पाहिजे, बाई." त्या दिवशी मला ते फक्त वायरिंग वाटलं होतं.

सगळ्यात जास्त हसलो ते कंट्रोलच्या धड्याला. बाथरूममध्ये नेऊन गरम-गार नळांसमोर उभं केलंत. "कोमट कर." मी गरम सोडलं, गार लागतंय म्हणून आणखी सोडलं, मग एकदम चटका, मग गार पिळलं, मग बर्फ. "हे काय चाललंय?" "अप्पा, हे पाणीच असं आहे." "पाणी शहाणं आहे, तू घाईची आहेस. उत्तर यायच्या आत परत पिळतेस. पाइपातून यायला वेळ लागतो ना? दम धर." हे मला अजून जमलेलं नाही, सांगून ठेवते.

मग टेबलावर बसून तुम्ही कंट्रोलरचे, म्हणजे आपोआप नळ पिळणाऱ्या यंत्राचे, तीन हात समजावलेत. "प्रपोर्शनल म्हणजे आमची ही. जेवढी चूक तेवढंच ओरडणार, चूक संपली की विसरणार. इंटिग्रल म्हणजे आमची ताई. बारीकसारीक सगळं मनात साठवणार आणि कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवात एकदम बाहेर काढणार. आणि डेरिव्हेटिव्ह तुझी आई. अजून काही झालेलं नसतं, पण रागरंग बघून आधीच फोन. तिघींचं प्रमाण जमलं की घर सुरळीत." आई आतून म्हणाली, "मी ऐकतेय हं." मी विचारलं, "आणि अप्पा, तुम्ही कोण?" छाती फुगवून म्हणालात, "मी सेन्सर. मी फक्त काय आहे ते सांगतो."

आज दुपारपासून ते वाक्य माझ्या डोक्यात टोचतंय, का ते पुढे सांगते.

आधी त्या रविवारचं, तुम्ही 'घेऊ नकोस' म्हणालात तेव्हाचं. मी बाजारातून येताना पेढे घेऊन आले होते. आमचे जुने इन-चार्ज सोडून गेल्यापासून काम मीच बघत होते, आता पद पण देतो म्हणाले होते. तुम्ही पेढा घेतलात, देवापुढे ठेवलात आणि येऊन खुर्चीत बसलात. स्वतः खाल्ला नाहीत. मी म्हटलं, "काय झालं?"

"घेऊ नकोस."

मला वाटलं चेष्टा. मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

"काम तुला येतं. त्याबद्दल बोलत नाहीये मी. पण इन-चार्ज माणसाचं काम काटा लावणं नसतं. नाही म्हणणं असतं. बॅच अर्ध्यावर असते, वाफ चालू असते, पलीकडचा माणूस ओरडत असतो, आणि तुला एका शब्दात सांगायचं असतं. नाही. तुला ते येत नाही, सोनल. लग्न होऊन आल्यापासून मी तुला एकदाही नाही म्हणताना ऐकलेलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अप्पा, ह्या घरात मला नाही म्हणायची सोय होती कधी? नोकरी लागली तेव्हा तुम्हीच विचारलंत, सकाळचा स्वयंपाक करून जाशील ना? काय म्हणायला हवं होतं मी? गणपतीला रजा टाक. हो. सेकंड शिफ्ट घेऊ नकोस, बरं दिसत नाही. हो. आत्या येणार आहेत, साडी नेस. हो. तेव्हा सगळ्यांना कौतुक, आमची सोनल किती समजूतदार. आणि आता त्याचेच मार्क कापताय?"

तोंड उघडलंत, मिटलंत. मग म्हणालात, "चहा करतेस थोडा?"

आणि मी उठले, अप्पा! भांडण तापलेलं असताना उठले आणि आलं घालून चहा करून आणला. तुमची साखर सुद्धा बरोब्बर. आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

मी तेव्हा जे बोलले ते सगळं खरं होतं. पण पुरतं नव्हतं, हेही आता बोलून टाकते, कारण आज मला उलट उत्तर द्यायला कोणी नाही आणि एकटीने भांडायचं तर दोन्ही बाजू मीच मांडायला हव्यात. स्वयंपाकाचं तुम्ही विचारलंत, आणि मी नोकरीला लागल्यावर रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून चिरून ठेवायला लागलात तेही तुम्हीच. कधी बोलून दाखवलं नाहीत. गवार मोडताना बातम्यांवर चिडायचात म्हणून निम्मी गवार लांब आणि निम्मी चुरा. आणि पहिल्या दिवशी खोपटला कंपनीची बस पकडायला मी एकटी जाते म्हटलं तरी आलातच. आत्या म्हणाल्या होत्या, सुनेला कसल्या केमिकलच्या कारखान्यात धाडतोस. त्यांना तुम्ही जे सुनावलंत ते मी दाराआडून ऐकलं होतं. त्याबद्दल मी कधी थँक्यू म्हटलं नाही. घरात कोण कोणाला थँक्यू म्हणतं?

मंगळवारी तुम्हाला बरं वाटेना. घरचं बीपीचं मशीन तुमचं लाडकं. महिन्या-दोन महिन्यांनी ते पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायचात आणि त्यांच्या पाऱ्याच्या मशीनशी ताडून बघायचात. डॉक्टर वैतागायचे, "अहो, पेशंट तुम्ही आहात की हे?" त्या दिवशी आकडा फार खाली आला. तुम्ही म्हणालात, "पट्टा नीट बांध. परत घे." परत तेच. "दुसऱ्या हाताला." तेच. मी आकडा मोठ्यांदा बोलले. तुम्ही क्षणभर डोळे मिटलेत. मला वाटलं आता म्हणणार, मशीन बिघडलंय. रिक्षा नको, हॉस्पिटल नको, झोपतो जरा. कुठलाही माणूस तेच म्हणाला असता. तुम्ही म्हणालात, "मशीन बरोबर आहे. चल."

अप्पा, मला आयुष्यात कोणाचा एवढा अभिमान वाटला नाही. आणि एवढी भीतीही.

हॉस्पिटलात सुद्धा ते सोडलं नाहीत. नर्सला विचारलंत, "ह्या मॉनिटरचं कॅलिब्रेशन कधी झालंय? ताडून कधी बघितलाय?" ती बिचारी म्हणाली, "आजोबा, तुम्ही आराम करा." मग मला खुणेने बाजूचा स्टिकर वाचायला लावलात. तारीख चालू होती. समाधानाने मान हलवलीत. त्या वेळी भांडण माझ्या ओठांवर होतं. मुद्दे तयार होते, सगळे. पण स्क्रीनवरचे आकडे बघून मी म्हटलं, राहू दे, घरी आले की बोलू. तुम्ही घरी आलात ते असे की बोलणंच खुंटलं.

आता फोनचं ऐका. तुमचं दहावं झालं त्या दुपारी घर माणसांनी भरलेलं होतं. फोन वाजला, आमचे प्लँट मॅनेजर देसाई. बेडरूममध्ये पाहुण्यांची मुलं झोपलेली, म्हणून मी हॉलमध्येच उचलला, सगळ्यांच्या मधोमध.

"मॅडम, वेळ बरोबर नाही, मला समजतं. दोनच मिनिटं. रिअ‍ॅक्टरचा टेंपरेचर ट्रिप सारखा येतोय. काही तापलेलं नाहीये, सेन्सर गंडलाय. ट्रिप बायपास करतो, बॅच काढून घेतो, मग तुम्ही आलात की सेन्सर बदला. तुम्ही फक्त हो म्हणा, गणेश वायर टाकेल."

तुम्हाला काय सांगायचं ट्रिप म्हणजे काय. तापमान हद्दीबाहेर गेलं की तो आपणहून वाफ तोडतो आणि गार पाणी सोडतो, कोणाला विचारत नाही. बायपास करायचा म्हणजे राखणदाराला घरी पाठवून दार उघडं ठेवायचं.

"आत्ता किती दाखवतंय?"

"अहो, दाखवतंय ते खोटं आहे, तेच तर सांगतोय."

"खोटं असू दे. किती दाखवतंय?"

त्यांनी सांगितलं. हद्दीच्या वरचा आकडा होता.

"दुसरा सेन्सर टाकून ताडून बघा. तोवर गार होऊ दे."

"त्यात बॅच जाईल, मॅडम! मी इतकी वर्षं हा रिअ‍ॅक्टर चालवतोय, मला काय आज कळत नाही का? वरून सारखे फोन येतायत. एवढी एक वेळ हो म्हणा."

आत्या जपमाळ थांबवून माझ्याकडे बघत होत्या. निखिल दारात उभा. माझ्या तोंडात 'हो' आलेलं होतं, अप्पा, खोटं कशाला बोलू. जिभेच्या टोकावर होतं. इतक्या वर्षांची सवय.

"नाही," मी म्हटलं.

"मग मी साहेबांना काय सांगू?"

"सोनलने नाही म्हटलं, असं सांगा. बॅच जाऊ दे."

फोन ठेवला. आत्या म्हणाल्या, "अगं, घरात सुतक आणि तू फोनवर भांडतेस?" मी मात्र वळून तुमच्या खुर्चीकडे बघितलं, ऐकलंत का म्हणून. तुम्ही झोपेत असलात, पेपरात डोकं घातलेलं असलं, तरी तिथून काहीतरी यायचं. खाकरणं, चपलेचा आवाज, नुसतं 'हं'. त्या दिवशी तिथून काहीच आलं नाही. तारच तुटलेली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी गणेशचा फोन. "मॅडम, सेन्सर खराबच होता. टर्मिनल ढिलं झालेलं, त्यामुळे रेझिस्टन्स वाढून तापमान जास्त दाखवत होता. रिअ‍ॅक्टर एकदम ओके होता." बॅच गेली ती गेलीच. देसाईंचा मेसेज आला, त्यात फक्त जोडलेले हात. नमस्काराचे की 'कोपरापासून'चे, अजून कळलेलं नाही.

बघा आता! आयुष्यात एकदा नाही म्हटलं आणि समोरचा बरोबर निघाला. मला माहीत आहे, देसाईंचा अंदाज बरोबर निघाला म्हणून तो रीडिंग होत नाही. त्या घटकेला आत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. हे मी गणेशला सांगितलं, निखिलला सांगितलं, आरशाला सांगितलं. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझ्या मनाला थारा नाही. तुम्ही काय म्हणाला असतात? 'शाब्बास' की 'एवढी बॅच घालवलीस'? म्हणून मी सकाळपासून घड्याळं लावतेय.

आणि मग आज दुपारी आई बोलली. काल उरलेले लाडू डब्यात भरत होतो. डब्यातून वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी फोनवर तू जे म्हणालीस ना, ते ह्यांना कधी जमलं नाही."

मी म्हटलं, "काय?"

"नाही म्हणायला. कोलशेतला ह्यांना पण केलं होतं इन-चार्ज. निखिल शाळेत होता तेव्हा. एकदा असाच फोन आला घरी, ते तुमचं काय ते बंद करू का म्हणून. हे म्हणाले, करा."

"मग? काय झालं?"

"काहीच नाही गं. माल छान निघाला. साहेबांनी पाठ थोपटली. मग परत फोन. परत हो. मग सगळ्यांना कळलं, ह्यांना विचारलं की हो मिळतं. फोन वाजला की जेवणावरून उठायचे, हो म्हणायचे, आणि परत ताटावर यायचे नाहीत. मी विचारायची, तर म्हणायचे भूक गेली. शेवटी स्वतःच जाऊन सांगितलं, मला कॅलिब्रेशनच्या खोलीत बसवा, मला ते पद नको. लोकांना सांगायचे, मला हाताचं काम आवडतं."

"कधी काही झालं नाही? एकदाही?"

"कधीच नाही. तेच तर खात होतं त्यांना. काही झालं असतं तर निदान कोणी बोललं तरी असतं."

आईने डब्याचं झाकण लावलं आणि कपडे काढायला गच्चीवर गेली. मी तिथेच उभी.

अप्पा, तुमचा इतका राग आला मला! मी सेन्सर, मी फक्त काय आहे ते सांगतो, असं छाती काढून म्हणायचात ना? हे कुठे सांगितलंत? मला थर्मामीटरच्या एवढ्याशा चुकीवरून रडवलंत, आणि स्वतःची एवढी मोठी बोच मला एका शब्दाने कळू दिली नाहीत. वर 'तुला येत नाही' म्हणालात. तुम्हाला आलं नाही, हे सांगायचं होतं. मी काय हसले असते? मी त्या टेबलावर बसून म्हटलं असतं, अप्पा, प्रत्येक वेळी तुम्ही ताटावरून उठलात ना, ते काय कमी आहे? देसाई जेवतात हो पोटभर. कोणीतरी तुम्हाला हे एकदा म्हणायला हवं होतं. आईने पण म्हटलं नाही, तिला वाटलं तुम्हाला खरंच भूक नसते.

आणि राग जरा ओसरला तेव्हा लक्षात आलं, त्या रविवारी तुमचं तोंड उघडून मिटलं होतं. सांगणार होतात. मी इतकी तावातावाने बोलत होते, साडी आणि गणपती आणि सेकंड शिफ्ट, की तुम्हाला वाटलं असेल, आता हिला माझं कुठे सांगू. म्हणून चहा मागितलात. थोडं थांबला असतात, मीही थांबले असते.

मघाशी आई गच्चीवरून आली तेव्हा तिला सांगून टाकलं, "आई, मी उद्या हो म्हणणार आहे. घेणार मी ते पद."

ती कपड्यांच्या घड्या करत म्हणाली, "पण ह्यांनी नको म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मग काय. नाही ऐकणार मी त्यांचं."

आईने घडी तशीच हातात धरली, माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रागावलेली नव्हती. मला वाटतं, तिला ते आवडलं.

देसाईंना नाही म्हणणं सोपं होतं हो, ते फोनच्या पलीकडे होते. मला तुम्हाला म्हणायचं होतं. तुम्ही म्हणालात घेऊ नकोस, आणि मी म्हणतेय, नाही अप्पा, मी घेणार. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासूनचं तुम्हाला म्हटलेलं हे माझं पहिलं 'नाही'. ते तुमच्यासमोर बसून, तुमच्या डोळ्यांत बघून म्हणायचं होतं. तुम्ही किती चिडला असतात! मला ते बघायचं होतं.